शोधपेटीत चिन्ह टाकले की हाती काहीच लागत नाही : पायथनच्या ऑपरेटरांची माहिती कोठे आणि कशी पाहावी

मागच्या कापूस हंगामात अमळनेर तालुक्यातील एका खरेदी केंद्रासाठी वजनाच्या पावत्या छापणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथन या संगणकभाषेत लिहून दिला होता. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि दोहोंतील फरक क्विंटल-किलोत, एवढेच त्याचे काम होते आणि ते दोन महिने बिनतक्रार चालले. नंतर आमच्या काट्यावरील वजन आणि जिनिंगवर पोहोचल्यानंतरचे वजन यांतील तफावत दाखवण्याची सोय मी त्यात जोडली. पहिल्याच आठवड्यात एक गाडी ४० किलो कमी भरली आणि पावतीवर छापून आले, ‘-1 क्विंटल 60 किलो’. काट्यावर बसणाऱ्या नानांनी पावती माझ्यासमोर धरून ‘हाई काय शे, भाऊ?’ एवढेच विचारले. उत्तर माझ्याजवळ नव्हते.

दोष ज्या ओळीत होता, ती ओळ मी पाच मिनिटांत शोधून काढली. तिच्यात क्विंटल काढण्यासाठी // हे चिन्ह होते आणि उरलेले किलो काढण्यासाठी % हे चिन्ह होते. धन संख्यांवर ही जोडी अचूक चालते, ऋण संख्येवर नेमके काय करते, हे पाहायचे होते. माझ्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलाने मोबाइलवर // हे चिन्ह आणि पुढे ‘पायथन’ असे टाकून शोध घेतला. समोर आल्या त्या पायथन कसे शिकावे याच्या ध्वनिचित्रफिती, आणि काही पाने दुसऱ्याच भाषांची, जिथे // म्हणजे शेरा, म्हणजेच कॉमेंट. संध्याकाळचे दोन तास असेच गेले. ही अडचण त्या एका मुलाची नाही. माझ्या संगणक वर्गात ती दर बॅचला किमान एकदा उभी राहते, म्हणून ती कशी सोडवावी हे सविस्तर लिहीत आहे.

एक सूचना आधीच देतो. खाली आज्ञांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत, कळफलकावर मात्र ती इंग्रजी अक्षरांतच टंकावीत. उदाहरणांतील चलांची नावे मराठीत ठेवली आहेत, कारण पायथन ३ मध्ये ती तशी चालतात. अंकांचे तसे नाही. आज्ञावलीत थेट ‘४०’ असे देवनागरी अंक लिहिले तर पायथन ते नाकारते, म्हणून उदाहरणांतील अंक 40 असे आहेत. गंमत अशी की, तेच देवनागरी अंक अवतरणचिन्हांत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून ‘इंट’ या फंक्शनला दिले तर ते निमूटपणे स्वीकारले जातात.

शोधयंत्राला चिन्ह का सापडत नाही, हे समजले की पुढचा मार्ग आपोआप दिसतो. शोधयंत्रे मजकुराचे शब्दांत तुकडे करतात आणि विरामचिन्हांना बहुतेक वेळा शब्दांमधील कुंपण समजतात. आपण // लिहिले की ते कुंपण म्हणून गळते आणि मागे फक्त ‘पायथन’ हा शब्द उरतो. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे माहितीपुस्तिकेच्या, पानावर जी शोधपेटी आहे तिचीही गत तीच आहे, त्यामुळे तिथे चिन्ह टाकून ‘काही सापडले नाही’ असे उत्तर आले तर माहितीच नाही असा निष्कर्ष काढू नये. माहिती आहे, पण ती चिन्हाच्या नावाखाली आहे. म्हणून पहिले काम चिन्ह शोधण्याचे नसून त्याचे नाव शोधण्याचे आहे.

नाव कळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग संगणकावरच असतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे भारनियमनाच्या वेळी राउटर आधी झोपतो आणि लॅपटॉप नंतर, म्हणून हा मार्ग मी पहिला शिकवतो. पायथनचा संवादी पडदा उघडावा, ‘हेल्प’ लिहावे आणि कंसात, अवतरणचिन्हांत, ते चिन्ह द्यावे:

हेल्प('//')

उत्तरादाखल ऑपरेटरांच्या, म्हणजे अशा क्रियाचिन्हांच्या, अग्रक्रमाचा (कोणते आधी लागू होते याचा) तक्ता येतो. त्यात *, @, /, //, % ही चिन्हे एकाच ओळीत आहेत आणि शेजारी त्यांची नावे क्रमाने दिली आहेत. // समोर ‘फ्लोअर डिव्हिजन’ असे नाव मिळते. अवतरणचिन्हे मात्र विसरू नयेत. ती नसतील तर पायथन त्या चिन्हाने भागाकार करू पाहते आणि सिंटॅक्स एरर देते. विद्यार्थी नेमके इथेच अडतात आणि ‘हेल्प चालत नाही’ म्हणून सोडून देतात. चिन्हाच्या जागी ‘सिम्बॉल्स’ हा शब्द दिला तर ज्या चिन्हांची मदत उपलब्ध आहे त्यांची यादी येते, आणि ‘टॉपिक्स’ दिला तर विषयांची. विषयांची नावे सगळी मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांतच लिहावी लागतात. माझ्या पावतीचे उत्तर ‘बायनरी’ या विषयात होते.

तेथे स्पष्ट लिहिले आहे की // चा भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे झुकतो आणि % च्या बाकीचे चिन्ह भाजकाच्या चिन्हाप्रमाणे असते. वजा ४० ला १०० ने भागले की वजा ०.४ येते. त्याच्या खालचा पूर्णांक शून्य नव्हे, वजा १ आहे. मग बाकी अशी हवी की वजा १ गुणिले १०० अधिक बाकी बरोबर वजा ४० व्हावे, म्हणून बाकी ६०. गणित चोख आहे, फक्त ते काट्यावरील माणसाच्या कामाचे नाही. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये हीच बाकी वजा ४० येते, आणि एक्सेलमध्ये तर ‘क्वोशंट’ शून्य देते व ‘मॉड’ ६० देते, म्हणजे तिथे दोन फंक्शनांचे एकमेकांशीही जुळत नाही. एका भाषेत शिकलेले चिन्ह दुसऱ्या भाषेत गृहीत धरू नये हे मी वर्गात नेहमी सांगत आलो होतो आणि तरीही पावती छापली गेली माझ्याच हातून.

‘हेल्प’च्या यादीत एखादे चिन्ह नसेल, किंवा एका लांब ओळीतील नेमके कोणते चिन्ह काय करते हे कळत नसेल, तर भाषेलाच नाव विचारता येते. पायथनसोबत ओळीची रचना उलगडून दाखवणारे ‘एएसटी’ नावाचे मोड्यूल येते. ते आयात करून त्याच्या ‘पार्स’ला ती ओळ स्ट्रिंग म्हणून द्यावी आणि आलेले उत्तर ‘डम्प’ करून छापावे. ‘वजन // 100’ दिले तर छापलेल्या मजकुरात ‘फ्लोअरडिव्ह’ हा शब्द दिसतो. ‘अ @ ब’ दिले तर ‘मॅटमल्ट’, ‘अ ^ ब’ दिले तर ‘बिटएक्सऑर’, आणि कंसातील ‘(अ := 5)’ दिले तर ‘नेम्डएक्स्प्र’. हे शब्द इंग्रजी अक्षरांचे असल्यामुळे कोणत्याही शोधपेटीत चालतात. माझ्या मते ही युक्ती जितकी उपयोगाची आहे तितकी वापरली जात नाही, कारण एएसटी हे नाव ऐकूनच लोक तो तज्ज्ञांचा प्रांत मानतात. प्रत्यक्षात दोन ओळींचे काम आहे.

वरच्या चारांपैकी ^ ने आमच्याकडे सर्वाधिक नुकसान केले आहे. एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात, त्यामुळे एक्सेलवरून पायथनकडे वळलेला माणूस दहाचा वर्ग काढायला 10 ^ 2 असे लिहितो. त्याला १०० ऐवजी ८ मिळतात. एररही येत नाही, कारण पायथनमध्ये ते चिन्ह द्विमान अंकांवर ‘एक्सक्लुझिव्ह ऑर’ करते आणि ८ हे त्याचे बरोबर उत्तर आहे. घातासाठी ** आहे. त्यातही -2 ** 2 चे उत्तर पायथन वजा ४ देते, कारण ** हे डावीकडील वजा चिन्हापेक्षा आधी लागू होते. एक्सेल त्याच राशीचे उत्तर अधिक ४ देते. अशा जागी शंका आली की कंस घालावेत आणि पुढे जावे.

इंटरनेट असेल तेव्हा अधिकृत डॉक्युमेंटेशनमधील सर्वसाधारण सूची हे सर्वांत दुर्लक्षित पान आहे. या सूचीचा पहिलाच विभाग अक्षरांचा नसून चिन्हांचा आहे, त्याचे नाव ‘सिम्बॉल्स’. तेथे प्रत्येक चिन्हाखाली ते कोठे-कोठे येते याचे वेगळे दुवे आहेत, आणि शोधपेटीपेक्षा ही सूची का सरस ठरते ते इथेच समजते. एकच चिन्ह भाषेत अनेक भूमिका करते. % दोन संख्यांमध्ये आले तर बाकी काढते, स्ट्रिंगनंतर आले तर मजकुरात मूल्ये भरते. * दोन संख्यांमध्ये गुणाकार करते, स्ट्रिंग आणि संख्येमध्ये आले तर मजकूर तितक्या वेळा पुन्हा लिहिते, आणि फंक्शनला बोलावताना यादीच्या आधी आले तर यादी सोडवून एकेक घटक वेगळा देते. @ ओळीच्या सुरुवातीला डेकोरेटर (पुढच्या फंक्शनला जोडलेली खूण) असतो, मध्ये आला तर मॅट्रिक्सचा गुणाकार, आणि तो अर्थ पायथन ३.५ मध्ये, म्हणजे २०१५ साली, दाखल झाला. म्हणून दुवा उघडण्यापूर्वी चिन्हाच्या डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे, ते कागदावर लिहून घ्यावे. एका विद्यार्थिनीने ‘दोन फोल्डरांचा भागाकार कशाला?’ असे विचारले होते. तिच्या ओळीत / होता, पण डावीकडे फाइल-फोल्डरांचे मार्ग हाताळणाऱ्या ‘पाथलिब’ची पाथ वस्तू होती आणि तेथे / चा अर्थ मार्ग जोडणे असा आहे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ऑपरेटरची माहिती एका ठिकाणी नसते, ती तीन थरांत विभागलेली असते. चिन्हाचे नाव, व्याकरण आणि अग्रक्रम ‘लँग्वेज रेफरन्स’मध्ये, विशेषतः त्याच्या सहाव्या, ‘एक्स्प्रेशन्स’ या प्रकरणात आहे. अंगभूत प्रकारांवर ते काय करते हे ‘लायब्ररी रेफरन्स’मधील ‘बिल्ट-इन टाइप्स’मध्ये आहे. पाथलिब, नमपाय, पांडाजसारख्या लायब्ररीने त्या चिन्हाला स्वतःचा अर्थ दिला असेल तर तो त्या लायब्ररीच्या पानांवर मिळतो. पहिल्या थरात समाधान झाले नाही म्हणून तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे व्यर्थ आहे, थर बदलावा.

आता अशा प्रकाराकडे वळतो, ज्यात वरील सर्व उपाय करूनही हाती काही लागत नाही, कारण शोधले जाणारे चिन्ह मुळात ते चिन्हच नसते. मराठी कळफलक वापरणाऱ्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो. माझ्या वर्गातील एका मुलाने अट लिहिली, शेवटी अपूर्णविराम दिला, आणि पायथनने उत्तर दिले की ‘:’ अपेक्षित होता. तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सर, दिलेला आहे ना!’ दिसत होता खरा, पण ‘किमान’ या चलनावाला चिकटलेला तो विसर्ग होता. विसर्ग हे पायथनच्या दृष्टीने नावाचाच भाग होऊ शकणारे अक्षर असल्यामुळे नाव ‘किमानः’ असे झाले आणि अपूर्णविराम कोठेच उरला नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून वजाची कळ दाबली की अधोरेषा न येता विसर्गच येतो. त्यामुळे ‘कापूस_वजन’ लिहू पाहणाऱ्याच्या हातून ‘कापूसःवजन’ हे वेगळेच, पण वैध, नाव तयार होते, आणि पुढे कोठेतरी ‘असे नाव सापडले नाही’ अशी तक्रार येते. याच कळफलकावर शिफ्टसह ५, ६, ७ आणि ८ या कळांवर %, ^, &, * नसून ज्ञ, त्र, क्ष, श्र आहेत, हे तरी लगेच दिसते. दंड मात्र | सारखा दिसतो आणि फसवतो.

मजकूर-लेखनाच्या प्रोग्रॅममधून किंवा मोबाइलवरील संदेशातून उचललेल्या ओळींत दोन वजा चिन्हांची एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हे वळणदार झालेली असतात. ‘शेतकऱ्याचे_वजन’ अशा नावातील अर्धा र काही कळफलक एका अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहितात. ते चिन्ह नावात चालत नाही, आणि पायथन न दिसणाऱ्या अक्षराची तक्रार करते तेव्हा वाचणारा चक्रावून जातो. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. ‘युनिकोडडेटा’ हे मोड्यूल आयात करून त्याच्या ‘नेम’ या फंक्शनला ते एकच अक्षर अवतरणचिन्हांत द्यावे. उत्तर ‘कोलन’ आले तर चिन्ह खरे, ‘देवनागरी साइन विसर्ग’ आले तर शोध तिथेच संपला. अनोळखी एररसाठी डॉक्युमेंटेशन उघडण्यापूर्वी मी आता ही तपासणी आधी करायला लावतो.

डॉक्युमेंटेशनच्या पानावर पोहोचल्यावरही चिन्हे पाठ सोडत नाहीत, कारण ती पाने स्वतःच काही चिन्हे स्वतःच्या अर्थाने वापरतात. फंक्शनच्या वर्णनात एखादे नाव चौकटी कंसात असेल तर ते देणे ऐच्छिक आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. ते कंस टंकायचे नसतात, टंकले तर यादी तयार होते. ‘सॉर्टेड’चे वर्णन पाहिले तर पहिल्या घटकानंतर एकटाच / आणि त्यानंतर एकटाच * दिसतो. / च्या आधीचे घटक केवळ जागेनुसार द्यावेत, नाव लिहून देऊ नयेत, आणि * नंतरचे केवळ नाव लिहूनच द्यावेत, असा तो संकेत आहे. व्याकरणाच्या चौकटींत ::= (नव्या आवृत्त्यांच्या पानांवर नुसते :) म्हणजे ‘याची रचना अशी’ आणि उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. या खुणांचा खुलासा लँग्वेज रेफरन्सच्या प्रस्तावनेत आहे, आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही.

आवृत्तीचा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळता येत नाही. माझ्या वर्गातील निम्मे संगणक अजून विंडोज ७ वर आहेत आणि त्यावर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८ आहे. शोधयंत्र मात्र नव्या आवृत्तीचे पान समोर आणते. दोन डिक्शनऱ्या (नाव-मूल्य जोड्यांचे संग्रह) | ने जोडण्याची सोय ३.९ मध्ये आणि ‘मॅच’ची रचना ३.१० मध्ये आली. त्यामुळे पानावर बघून अक्षरशः बरोबर लिहिलेली ओळ आमच्याकडे एरर देते. त्यातही | ला ‘या प्रकारांवर हे चिन्ह चालत नाही’ असा टाइप एरर येतो, जो वाचून माणूस आपल्या डिक्शनरीत दोष शोधत बसतो. पानाच्या वरच्या पट्टीत आवृत्ती निवडण्याची सोय आहे. ती आपल्या संगणकावरील आवृत्तीशी जुळवून घ्यावी आणि वर्णनाखालील ‘अमुक आवृत्तीत बदल’ ही बारीक ओळ वाचावी. त्याहून बरे म्हणजे आपल्या आवृत्तीचे संपूर्ण डॉक्युमेंटेशन संकुचित फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावे. पायथनसोबत येणारे आयडल हे लेखन-साधन वापरत असाल तर एफ १ ही कळ दाबून पाहावी. पायथनसोबत पाने स्थापित केलेली असतील तर तीच उघडतात.

इतर भाषांतही नावापासून सुरुवात करण्याची पद्धत चालते. आर या भाषेत प्रश्नचिन्हानंतर चिन्ह अवतरणांत द्यावे. पर्लमध्ये ‘पर्लडॉक’ला ‘पर्लऑप’ हे पान मागावे. रस्टच्या अधिकृत पुस्तकाचे परिशिष्ट ब केवळ ऑपरेटर आणि चिन्हांनाच वाहिलेले आहे, आणि अशी सोय प्रत्येक भाषेने करायला हवी होती. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चिन्हाचे नाव विचारायलाही माझी हरकत नाही. अर्थ मात्र अधिकृत पानावरच पडताळावा, कारण ऋण संख्येसारख्या कडेच्या बाबी तेथेच नेमक्या शब्दांत लिहिलेल्या असतात.

पावतीची दुरुस्ती तीन ओळींची निघाली. फरक शून्याहून कमी असेल तर ‘घट’ आणि अन्यथा ‘वाढ’ हा शब्द आधी ठरवला, मग फरकाचे चिन्ह ‘एबीएस’ने काढून टाकले आणि उरलेली संख्या ‘डिव्हमॉड’ला १०० सोबत दिली, म्हणजे क्विंटल आणि किलो एकदमच मिळाले. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीची पावती पुन्हा छापली, तीवर ‘घट 0 क्विंटल 40 किलो’ असे आले. नानांनी ती वाचली आणि शून्य क्विंटल छापायची गरज काय, असे विचारले. तेवढी एक अट अजून घालायची आहे.